रस्त्यावरून दिसणारा धान

कृष्णरावांनी आपली सगळी नोकरी एस.टी.च्या ड्रायव्हरच्या सीटवर काढली. साकोली आगारातून भंडारा, गोंदिया, तुमसर, कधी नागपूर. त्या सीटवरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंची धानाची शेतं त्यांनी इतकी वर्षं पाहिली, की आपल्याला शेतीतलं सगळं कळतं अशी त्यांची पक्की समजूत होऊन बसली. धान हिरवा दिसला की शेतकरी हुशार, पिवळा दिसला की आळशी, एवढंच ते शास्त्र होतं. धावत्या गाडीतून दुसरं काही दिसतच नाही, हे कळायला त्यांना एक अख्खा हंगाम खर्ची घालावा लागला. पुढं त्या हंगामाची गोष्ट निघाली की तेच सगळ्यांत आधी हसायचे आणि सगळ्यांत जास्त वेळ हसायचे.

घरची शेती आजवर सत्यभामाबाईंनी सांभाळली होती. नवरा गाडीवर, मुलगा सुगत शिकायला आणि मग नोकरीला नागपुरात. रोपांसाठी परहे टाकण्यापासून मळणीपर्यंत, म्हणजे चुरणीपर्यंत, सगळं त्यांच्याच अंगावर. म्हणून निरोप समारंभात मिळालेली शाल घडी घालून ठेवल्याबरोबर कृष्णरावांनी जेव्हा जाहीर केलं की आता शेतीचं स्टिअरिंग आपल्या हातात, तेव्हा बाई चुलीपुढं बसल्या होत्या. भाकर थापत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "तुमाले शेत पायजे ना? मंग वरची बांधी घ्या. खालच्यात पाय टाकू नका."

वरची बांधी हायवेला लागून होती. चारी बाजूंनी मातीचे धुरे, म्हणजे बांध, आणि मागच्या धुऱ्याला एक तोंड ठेवलेलं. वर जास्त झालेलं पाणी त्या तोंडातून खालच्या बांधीत उतरायचं. खालची बांधी बाईंची. रस्त्यावरून ती दिसत नसे, मध्ये बाभळी होत्या. कृष्णरावांना वाटलं, बाईंनी आपल्याला चांगलाच तुकडा दिला. येणारी जाणारी प्रत्येक एस.टी. त्यांच्या बांधीवरून जाणार होती. आजवर त्यांनी लोकांच्या शेतांना नंबर दिले, आता त्यांच्या शेताला नंबर मिळणार होता.

रोवणा झाला. रोपं रुजली. युरिया कधी टाकायचा, किती टाकायचा, याचं बाईंना गावातल्या बायकांच्या बचत गटात प्रशिक्षण मिळालं होतं. कृषी सहायक भावना मॅडम गावात येऊन पानाच्या रंगाचा एक तक्ता देऊन गेल्या होत्या. प्लास्टिकची वीतभर पट्टी, तिच्यावर फिक्या पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत रंग. धानाचं पान त्यावर धरायचं, ठरलेल्या पट्टीपेक्षा फिकं असलं तरच युरिया द्यायचा, आणि तोही एकदम नाही, थोडा थोडा तीनदा. तो तक्ता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असायचा. कृष्णरावांनी तो उलटून पालटून पाहिला आणि परत टांगला. रंगाच्या दुकानातून आणल्यासारखा दिसतो, एवढंच म्हणाले.

मग एका सकाळी त्यांनी बांधीत उतरून युरिया फेकला. गुडघ्याखाली सगळीकडे पाणी, धुऱ्याच्या तोंडातून पाणी झुळझुळ चाललेलं, आणि हे मुठी भरभरून पांढरे दाणे उडवताहेत. अंगात नोकरीतलाच खाकी शर्ट होता. त्यांना वाटत होतं आपण काही फार मोठं काम करतोय. दुपारी पाऊस आला, रात्रभर राहिला. सकाळी बांधी तुडुंब आणि मागचं तोंड नदीसारखं वाहत होतं. कृष्णरावांना बरं वाटलं. खत कसं चांगलं विरघळलं असेल, असं ते मनाशी म्हणाले. विरघळलं होतं, यात शंका नव्हती.

आठवडाभरात त्यांचा धान जरा हिरवा झाल्यासारखा वाटला आणि मग परत फिका पडायला लागला. बाईंचा मात्र चढत गेला. खालच्या बांधीतला धान असा तजेलदार दिसायला लागला, की कृष्णराव काही ना काही निमित्त काढून तिकडं जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. शेवटी परत युरियाची एक बोरी आणली, परत तसाच भरल्या पाण्यात फेकली, परत दोन दिवसांनी पाऊस. परत तेच. वर पोपटी, खाली हिरवा.

बाई तक्ता घेऊन खाली उतरल्या, पान धरून पाहिलं आणि युरियाची गरजच नाही म्हणून परत आल्या. जिथं धरलं तिथं पान त्या पट्टीहून गडद. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. मग त्यांनी त्याचं कारणही शोधून काढलं. उन्हाळ्यात त्यांनी बैलगाडीनं शेणखत टाकलं होतं, ते लागू पडलं. गटाच्या बैठकीत त्यांनी हे सांगितलं. पुढच्या बैठकीत अजून थोडं वाढवून सांगितलं. मग एके दिवशी गटातल्या बायका आणि भावना मॅडम बाईंचा धान पाहायला आल्या. त्यांच्यातल्या बेबीबाई तर खाली वाकून मातीचा वास घेऊन पाहत होत्या. मॅडमनी फोटो काढले. बाई शेणखत कसं कुजवायचं ते समजावत होत्या आणि कृष्णराव सगळ्यांसाठी घरून केटलीतून चहा आणून धुऱ्यावर उभे होते. आपल्याच युरियाचं कौतुक ऐकत ते चहा ओतत होते, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. पुढं ही गोष्ट सांगताना इथं आले की ते हमखास थांबायचे आणि म्हणायचे, त्यातल्या एका बाईले तर मी दोनदा चहा देल्ला.

त्यांच्या डोक्यात वेगळाच किडा शिरला होता. सुगतची माय आपल्याला न सांगता काहीतरी टाकते. एरवी शेणखतानं असा रंग येतो होय? मग ते पहारा द्यायला लागले. सकाळी जाऊन धुऱ्यावर बसायचे, बाई निंदण करत असल्या की त्यांच्या हातांकडे पाहायचे. बाईंना वाटलं नवरा रिटायर झाल्यावर करमत नाही म्हणून सोबतीला येतो. त्यांनी त्याच्यासाठी एक जास्तीचा डबा आणायला सुरुवात केली.

तसाच एकदा डबा खाऊन हात धुवायला कृष्णराव मागच्या धुऱ्याच्या तोंडाशी बसले. पाणी खाली उतरत होतं. हात झटकून त्यांनी सहज समोर पाहिलं आणि ते तसेच उकिडवे राहिले. खालच्या बांधीतला सगळा धान सारखा हिरवा नव्हता. जिथं पाणी पडत होतं तिथून सर्वांत गडद हिरवा पट्टा सुरू होत होता, आणि पुढं पंख्यासारखा पसरत फिका होत होता. दूरच्या कोपऱ्यात तर बाईंचा धान त्यांच्याइतकाच पोपटी होता. लांबून, बाजूच्या धुऱ्यावरून, हे कधी दिसलं नव्हतं. त्यांनी वर आपल्या बांधीकडं पाहिलं, खाली बायकोच्या बांधीकडं पाहिलं. दोन्ही बोऱ्या, मेहनतीनं फेकलेल्या, पाण्यावर बसून बायकोच्या शेतात उतरल्या होत्या.

सरळ उठून बाईंना सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण सांगायचं म्हणजे, वाहत्या पाण्यात खत टाकणारा शहाणा मी, हे कबूल करायचं. आणि मनात एक बारीकशी खोडीही होती. आता पाहू सुगतच्या मायचं शेणखत किती दिवस चालते ते. बाई पलीकडे वळल्या तसे त्यांनी दोन्ही हातांनी चिखल ओढून ते तोंड पक्कं बुजवून टाकलं. घरी जाताना बाईंनी हातापायांना चिखल कसला लागला विचारलं, तर घसरलो म्हणाले.

त्यानंतर कृष्णरावांनी जे केलं त्याला शेती म्हणायचं की काय, हे त्यांचं त्यांनाच नंतर ठरवता येईना. आता खत कुठं पळून जात नाही, तर मग देऊन टाकू पोटभर, असा विचार त्यांनी केला. फुटवे येऊन गेले होते, तरी एक बोरी दिली. दहा दिवसांत रंग असा फिरला की त्यांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मग आनंदात अजून एक दिली.

आणि मग गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. पहिला मनिषनं दिला. तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता साकोली-भंडारा चालवायचा. बांधीजवळ गाडी हळू करून त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोठ्यानं विचारलं, "भाऊ, हा धान आपलाच होय का?" कृष्णरावांनी नुसती मान हलवली. आगारात बातमी पसरली. मग जो तो ड्रायव्हर हॉर्न देऊन जाऊ लागला. कृष्णराव गाड्यांच्या वेळा पाहून रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली जाऊन बसू लागले. डोळ्याला नोकरीतला काळा गॉगल, हातात काठी, मागं काळपट हिरवा धान. एखादी गाडी हॉर्न न देता गेली तर तिचा ड्रायव्हर कोण होता याची ते चौकशी करायचे.

बाईंना हे हिरवेपण बरं वाटत नव्हतं. पानं लांब झाली होती, मऊ पडून खाली लोंबत होती. दाटीत आत हवा शिरत नव्हती, आणि बुडाशी तुडतुडे दिसायला लागले होते. एका दुपारी त्या तक्ता घेऊन मोहाखाली आल्या आणि एक पान धरून दाखवलं. कृष्णरावांनी गॉगलमधूनच पाहिलं.

"या तक्त्यात माह्या धानाचा रंगच नाई," ते म्हणाले. "तक्ता जिथं संपते, तिथून माही बांधी सुरू होते."

"तेच सांगून राहिली ना मी तुमाले," बाई म्हणाल्या. "एवढा रंग कायले पायजे? रंग शिजवून खायचा आहे का?"

कृष्णरावांनी ते वाक्य मनावर घेतलं नाही. तेवढ्यात गोंदिया गाडी आली होती.

तिकडं खालच्या बांधीचा रंग उतरत चालला होता. बाईंनी पान तपासलं, फिकं निघालं, आणि त्यांनी पाणी काढून, थोडासा युरिया ओल्या मातीत कालवून दिला, दुसऱ्या दिवशी पाणी परत भरलं. शेणखत एवढ्यात कसं संपलं, हे कोडं त्यांना सुटलं नाही. गटात त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

दसऱ्यानंतर आजूबाजूचे धान निसवले. लोंब्या बाहेर पडल्या, भरल्या, वाकल्या. कृष्णरावांचा धान अजून पानंच फोडत होता. लोंब्या निघाल्या त्या उशिरा आणि अर्ध्या पानांत अडकलेल्या. मग एका संध्याकाळी वारा सुटला. फार काही वादळ नव्हतं. शेजारच्या बांधीवाल्या चिंधूच्या घरावरचं एक कवेलूही हललं नाही. पाऊससुद्धा घटकाभरच पडला. सकाळी कृष्णराव नेहमीप्रमाणे काठी घेऊन मोहाखाली आले आणि त्यांना आपली बांधी दिसेना. समोर पलीकडच्या बाभळींचे बुंधे दिसत होते, जे आजवर धानामागं दडलेले असायचे. सगळा धान आडवा झाला होता. बैलांनी लोळावं तसा, एकाच दिशेला, चिखलात तोंड खुपसून. खालच्या बांधीतला धान उभा होता, थोडा वाकलेला, पण उभा.

मनिषनं त्या दिवशी गाडी थांबवली. प्रवासी खिडक्यांतून पाहत होते. तो खाली उतरला, बांधीकडं पाहिलं आणि जरा कचरत विचारलं, "भाऊ, रातच्याले कोणाची गाडी घुसली का बांधीत?"

कृष्णराव गॉगल काढून पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो परत घातला नाही, खिशात टाकला. "माहीच घुसली गा," ते म्हणाले. "सगळ्या नोकरीत गाडीले ओरखडा नाई पडू देल्ला मी. इथं रिटायर होऊन वर्ष नाई झालं तं अख्खी बांधी पलटी केली."

मनिष हसला नाही. तो हसला नाही म्हणून कृष्णरावांना जास्त वाईट वाटलं. मग तेच हसले, आणि कंडक्टरनं डबल बेल दिली.

तीन-चार दिवस दोघं नवरा-बायको धान उचलत होते. चार-चार चुडे, म्हणजे रोपांचे झुबके, एकत्र धरायचे, वर उभे करायचे आणि त्यांच्याच पानांनी बांधायचे, म्हणजे दाणे चिखलात कुजत नाहीत. कृष्णरावांची कंबर मोडली. नोकरीभर बसून राहिलेलं अंग वाकायला तयार नव्हतं. बाई एका ओळीतून पुढं जाऊन परत यायच्या तोवर हे अर्ध्यावर असायचे. दुसऱ्या दिवशी, बाई जवळच काम करत असताना, त्यांनी धुऱ्याच्या तोंडाची गोष्ट सांगून टाकली. बुजवलेलं तोंड, पंख्यासारखा पट्टा, दोन बोऱ्या, सगळं.

बाईंनी हातातला चुडा तसाच धरून ठेवला. त्या मागच्या धुऱ्याशी गेल्या, तिथं वाळून पक्क्या झालेल्या चिखलाच्या डागाकडं पाहिलं आणि परत आल्या. कृष्णरावांना वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण बाईंचं मन भलतीकडंच होतं.

"मंग माह्यं शेणखत?" त्यांनी विचारलं.

"शेणखत चांगलंच होतं. त्यात फक्त माह्या दोन बोऱ्या होत्या."

बाई धुऱ्यावर बसल्या. गटात त्यांनी काय काय सांगितलं होतं ते त्यांना एकेक आठवत होतं. भावना मॅडमनी काढलेले फोटो, बेबीबाईंनी घेतलेला मातीचा वास. दोन बायकांनी तर त्यांचं ऐकून युरिया द्यायचाच नाही ठरवलं होतं, आणि त्यांच्या बांध्या ऐन हंगामात पिवळ्या पडल्या होत्या. बाईंचं तोंड उतरलं आणि मग त्यांना हसू आलं, ते थांबेना. कृष्णराव आधी बिचकले आणि मग तेही हसायला लागले. चिंधू शेजारच्या बांधीत धान कापत होता. पीक झोपलेलं असताना ही दोघं अशी का हसताहेत, हे पाहायला तो विळा घेऊनच धुऱ्यावर आला.

गटाला खरं सांगणं भाग होतं. बाईंना एकटीनं उभं राहायचं जड वाटत होतं, म्हणून पौर्णिमेला गावच्या बुद्धविहारात बैठक होती तिथं कृष्णरावही गेले. बायकांच्या बैठकीत हे एकटेच पुरुष, मागच्या रांगेत. बाईंनी सुरुवात केली, पण शेणखताशी येऊन अडकल्या. तेव्हा कृष्णराव उठले आणि पुढं आले. भरल्या पाण्यात फेकलेल्या मुठी, चहाची केटली, पहारा, बुजवलेलं तोंड, मोहाखालचा गॉगल, काही म्हणता काही ठेवलं नाही. हॉर्न न देणाऱ्या ड्रायव्हरची चौकशी केली होती हेही सांगितलं, जे बाईंनाही माहीत नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बेबीबाई मात्र हसता हसता म्हणाल्या, "मातीले वास तं चांगलाच येऊन राहिला होता जी." त्या बोलण्यानं सत्यभामाबाईंना जरा धीर आला.

भावना मॅडमनी मग सगळ्यांना त्याच गोष्टीतून समजावलं. पाणी वाहत असलं की खत पाण्याबरोबर जातं, म्हणून आधी पाणी काढायचं आणि तोंड बंद ठेवायचं. एकदम भरमसाट दिलं की धान पानं वाढवतो आणि दाणा विसरतो, कांडं कमकुवत होतं, किडीलाही ते कोवळं पान आवडतं. शेणखत हवंच, पण त्याच्या जोरावर युरिया पूर्ण बंद करायचा की नाही, ते पान पाहून ठरवायचं. हे त्या आधीही सांगत आल्या होत्या. पण त्या दिवशी बायकांनी ते लक्षात ठेवलं, कारण प्रत्येक वाक्याच्या मागं कृष्णराव उभे होते.

चुरणी झाली तेव्हा वरच्या बांधीतून धानापेक्षा पोचटच जास्त निघाला. वारवताना निम्मा ढीग वाऱ्यावर उडून गेला. तणस मात्र इतकी झाली की ढीग रचायला जागा पुरेना. गाय खूश होती. कोणी विचारलं, काय पिकवलं यंदा, तर कृष्णराव तणशीच्या ढिगाकडं बोट दाखवायचे. सुगत सुट्टीला आला तेव्हा त्यालाही त्यांनी आधी तो ढीगच दाखवला.

पुढच्या खरिपात वरची बांधी कोणाची, असा प्रश्न निघाला नाही. दोन्ही बांध्या दोघांच्या झाल्या. युरिया देण्याआधी पाणी काढायचं काम कृष्णरावांकडं आलं आणि ते त्यांनी मन लावून केलं. तोंड बंद आहे की नाही ते दिवसातून दोनदा जाऊन पाहायचे. पान तपासायचं काम मात्र त्यांनी मागून घेतलं, पण ते जमलं नाही. मॅडमनी सांगितलं होतं, तक्ता उन्हात धरला की रंग फसवतो, तो अंगाच्या सावलीत धरायचा, आणि दर वेळी एकाच माणसानं पाहायचं. दोघांनी आळीपाळीनं पाहिलं तर दोघांचा रंग जुळेना. कृष्णरावांना प्रत्येक पान थोडं फिकंच वाटायचं. मग पाहायचं काम बाईंकडं गेलं. बाई अंगानं लहान आणि बारीक, त्यांची सावली तक्त्यावर पुरी पडत नसे. कृष्णरावांचं अंग मोठं होतं.

एका सकाळी चिंधू खांद्यावर फावडं टाकून धुऱ्यावरून चालला होता. बांधीत बाई वाकून पान धरून होत्या आणि कृष्णराव त्यांच्या मागं, उन्हाकडं पाठ करून, हात लांबवून अगदी ताठ उभे होते. काय करून राहिले भाऊ, त्यानं विचारलं.

"सावली पाडून राहिलो," कृष्णराव म्हणाले आणि त्याच्याकडं पाहायला वळले.

"हलू नका," बाई खालून म्हणाल्या.

ते परत सरळ उभे राहिले. बाईंनी पान सोडलं, आज नको म्हणाल्या, आणि दोघं पुढच्या चुड्याकडं सरकली.